दुसऱ्याच्या नावाचा मंगळवार

आपण देवीला फसवलं तर नाही ना, हा प्रश्न नऊ वर्षं माझ्या मनातून गेला नाही. स्वभावच चौकस, त्याला काय करणार.

माझी थोरली, वैशाली, तेव्हा चौदा वर्षांची होती. हातापायाचे सांधे असे दुखायचे की पोर अंथरुणात गडबडा लोळायची. वाताचं औषध झालं, मालिश झाली, गुण नाही. शेवटी मी देवीला नवस बोलले, पोरगी वर्षभर मंगळवार निर्जळ धरेल. नवस माझा आणि उपास तिच्या गळ्यात, पण त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. तिसऱ्याच मंगळवारी, चैत्रातल्या भर दुपारी, दुखणं इतकं वाढलं की तिला धड श्वासही घेता येईना.

नेमकी तेव्हाच सावली गावाला जाणारी एसटी आमच्या दारासमोर पंक्चर झाली. साठी ओलांडलेल्या एक बाई उतरून पाणी मागायला आल्या. रिटायर झालेल्या सिस्टर होत्या, तरी आजाऱ्यांना बघायला गावोगाव फिरायच्या, हे मागाहून कळलं. गिलास तोंडाला लावणार, तोच त्यांचं लक्ष वैशालीच्या पिवळ्या डोळ्यांकडे गेलं.

"पोरगी पानी पेली का?"

"नाई. देवीचा निर्जळ उपास हाये तिचा."

वाटलं, आता शिकलेली बाई चार शब्द सुनावणार. त्या खाटेजवळ बसल्या. "मंग तो उपास मले द्या. आजपासून मी धरतो. तिले पानी पाजा."

"देवीले चालन का?"

"तिले मी सांगतो. तुमी गिलास धरा."

स्वतःसाठी मागितलेलं पाणी त्यांनी तसंच माझ्या हातात दिलं. नवस मोडला तर देवी कोपेल, नाही मोडला तर पोर हातची जाईल. शेवटी मी पाणी पाजलं. एसटी निघाली तशी सिस्टरनी आम्हाला सोबत दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं, रक्त तपासलं, सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला. या आजारात अंगातलं पाणी कमी पडणंच घातक, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोर वाचली.

पण सिस्टरनी उपास खरंच धरला, की पोरीनं पाणी प्यावं म्हणून नुसतं म्हटलं? विचारायची लाज वाटे. एकदा मुद्दाम मंगळवारी चिवडा घेऊन त्यांच्या घरी गेले. "मंग खातो" म्हणत त्यांनी डबा बाजूला ठेवला. त्यावरून काय समजायचं?

यंदा पौषात सिस्टर गेल्या. वैशालीला घेऊन भेटायला गेले, तर त्यांची धाकटी बहीण सांगत होती, "मंगळवारी काही खातच नव्हती. काऊन म्हटलं, तर म्हणे एका पोरीचा उपास हाये माह्याकडं. कोन पोरगी, ते आमाले शेवटपर्यंत सांगितलं नाई."

"मी," वैशाली म्हणाली आणि रडायला लागली.

नवस वर्षाचा होता. त्यांनी नऊ वर्षं पाळला. देवीनं त्यांना आमच्या दारात उतरवलं, आणि मी इतकी वर्षं चिवड्याच्या डब्यानं परीक्षा घेत बसले. बहिणीला अजून एक विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं, सिस्टर मंगळवारी पाणी तरी पीत होत्या का. नाही विचारलं. हात जोडले आणि पोरीजवळ बसून राहिले.