डावीकडचं हाड

रक्त फिरवायच्या यंत्राला त्या दातांच्या दवाखान्यात सगळे चक्री म्हणायचे आणि ते चालवणाऱ्या बाईला चक्रीबाई. पदवी नाही, ॲप्रनवर नाव नाही. पण सोळा वर्षांचा हात. डॉक्टरांनी पेशंटचं रक्त काढलं की नळ्या मिनिटाभरात चक्रीत गेल्या पाहिजेत. उशीर झाला की रक्त तसंच गोठतं आणि मुसळ केरात. बारा मिनिटांनी नळीत मधोमध पिवळट, लिबलिबीत गोळा धरतो. तो चिमट्याने उचलायचा, खालचा लाल भाग कात्रीने उडवायचा, चपट्या डबीत दाबून त्याचा पापुद्रा करायचा. एखादा गोळा बारीक कापून विकत मिळणाऱ्या हाडाच्या दाण्यांत कालवायचा. दात काढला की जबड्यात जो खड्डा राहतो, त्यात हे दाणे भरायचे, वरून पापुद्रा, वर टाके. कारण दात गेला की भोवतालच्या हाडाला काम उरत नाही, आणि बिनकामाचं हाड झिजत जातं. पुढे स्क्रूवर नवा दात बसवावा म्हटलं, तर धरायला भिंतच नसते.

हे सगळं पेशंटला समजावायचं कामही तिचंच. दातांच्या कण्या करून सांगायची. "काका, दात गेला की हाड भाडेकरूसारखं वागतं बघा. आज अडवलं तर अडवलं, नंतर जागा सोडून जातं. खड्डा आजच भरून घ्या." काका हसायचे आणि भरून घ्यायचे. डॉक्टर म्हणायचे, "चक्री, तू नसतीस तर माझं दुकान बसलं असतं." एवढ्यावर ती आठ-आठ दिवस फुगून चालायची.

आणि तिच्या स्वतःच्या खालच्या दोन दाढा, एक उजवीकडची, एक डावीकडची, मुळापर्यंत किडल्या होत्या. आता कुणी शहाणा विचारेल, दातांच्या दवाखान्यात राहून? हो, दवाखान्यात राहूनच. मास्कच्या आड मदतनिसाचं तोंड कोण बघतो? एक दिवस ट्रे धरून उभ्या उभ्या ती कळवळली, तेव्हा डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं. आत डोकावले आणि त्यांचे डोळेच चमकले.

"अगं, दोन्हीकडची तीच दाढ! एकाच तोंडात! कुठं होतीस इतके दिवस?"

"इथंच, सर."

डॉक्टरांना परिषदेत भाषण करायचं होतं आणि दाखवायला केस नव्हती. त्यांनी तिथंच बेत सांगितला. दोन्ही दाढा काढायच्या. उजव्या खड्ड्यात दाणे आणि पापुद्रा, डावा तसाच सोडायचा. चार महिन्यांनी दोन्हीकडचे फोटो शेजारी शेजारी. सगळं फुकट. उजवीकडे स्क्रूवर नवी दाढसुद्धा.

"आणि डावीचं काय, सर?"

"फोटो झाले की डावीही करून टाकू. तू काय परकी आहेस? घरचीच ना?"

रोज दहा जणांना 'नंतर हाड थांबत नाही' म्हणून सांगणारी बाई, तिने त्या 'घरची'वर सही केली. पेशंटचं हाड थांबत नसेल, घरच्यांचं थांबत असेल. गरिबाला मारायला काठी लागत नाही, 'आपलं माणूस' एवढं म्हटलं तरी तो आपणहून मान पुढे करतो.

रक्त तिचंच, पण चक्री दुसऱ्या कुणाला येत नव्हती. म्हणून हात कोपरात मुडपून कापूस धरलेल्या अवस्थेत ती खुर्चीतून उठली, स्वतःच्या नळ्या स्वतः लावल्या, बारा मिनिटं उभी राहिली, पापुद्रे दाबले, ट्रे मांडला आणि परत येऊन आडवी झाली. उजवा खड्डा भरला. ट्रेमध्ये दोन पापुद्रे उरले, ताजे, ओले, तिच्याच रक्ताचे. तिची नजर तिथंच.

"सल... उललेत... दावीकले..." बधिर तोंडाने ती म्हणाली.

"बोलू नको, टाके उसवतील," डॉक्टर म्हणाले आणि दोन्ही पापुद्रे कचऱ्याच्या पिशवीत गेले.

चार महिने तिने डावा खड्डा जिभेने चाचपत काढले. रोज खड्डा थोडा उथळ, थोडा अरुंद. तिला कळत होतं. कळून करणार काय? मग स्कॅन निघाला. पडद्यावर उजवीकडे भरभक्कम बांध आणि डावीकडे पावसाने खचलेली दरड. बाहेरची भिंत नाहीशीच झालेली.

डॉक्टरांनी टाळी वाजवली. "वा! काय सुंदर खचलंय बघ!"

"मग आता भरायचं ना, सर?"

"आता कशात भरू? खड्डा असतो तेव्हा भरायचं असतं. आता हनुवटीतून हाडाचा तुकडा काढून तिथं बसवावा लागेल. मोठं ऑपरेशन."

"पण तुम्ही म्हणाला होता..."

"अगं, तूच तर रोज पेशंटला सांगतेस! तुला माहीत नव्हतं?"

माहीत होतं, हीच तर चूक होती.

कबूल केल्याप्रमाणे उजवीकडे स्क्रूवर नवी दाढ बसली आणि परिषदेत तिला व्यासपीठावर बसवलं. ओठांना आकडे लावून तोंड फाकवलं आणि रांगेने डॉक्टरमंडळी येऊन डोकावून गेली. उजवीकडे बघून माना डोलल्या. डावीकडे बघून टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी विचारलं, "हिच्या डाव्या बाजूचं पुढे काय?"

"पेशंटची तक्रार नाही," डॉक्टर म्हणाले. आकडे लावलेल्या तोंडाने तक्रार होत नसते.

दुसऱ्या दिवशी हात धुता धुता डॉक्टर म्हणाले, "एका केसला कुणी विचारत नाही गं. अजून दोन हव्यात. दोन्हीकडची तीच दाढ किडलेलं कुणी बघ, तुझ्या ओळखीतलं. मग तुझं हनुवटीचं करून टाकतो. शब्द आहे माझा."

तिला शोधायला लांब जावं लागलं नाही. तिची जाऊ, एकाच ओट्यावर दोघी स्वयंपाक करायच्या, दोन्हीकडच्या किडलेल्या दाढांत दोन वर्षं लवंगा दाबून दिवस काढत होती.

"माझ्या दवाखान्यात चल. फुकट करतात."

"फुकट? तुझा डॉक्टर काय देवमाणूस लागून गेला?"

"माझं नाही का केलं?"

"दाखव बघू."

तिने उजवा गाल ओढून नवी दाढ दाखवली. जाऊ वाकून बघत राहिली. "अगंबाई, खरीच वाटते की! म्हणजे दाखवायचे दात आणि खायचे दात एकच झाले म्हणायचे. दोन्हीकडं असंच करतात?"

"दोन्हीकडं."

"तू असशील ना जवळ?"

"मीच तर सगळं करते तिथं."

"मग मला काय भीती," जाऊ म्हणाली आणि दिलेल्या कागदावर न वाचता सही केली. वाचायचं कशाला? घरचंच माणूस होतं.

त्या दिवशी चक्रीबाईने हातचं काही राखलं नाही. नळ्या वेळेत, पापुद्रे कागदासारखे एकसारखे. दोन्ही दाढा निघाल्या. डॉक्टरांनी चमचाभर दाणे उचलले आणि मास्कआडून विचारलं, "कुठली भरू? तूच सांग, तुझी पेशंट आहे."

जाऊ घास डावीकडूनच चावते, हे तिला बारा वर्षं एका पंगतीला बसून पाठ होतं. जावेने तिचा हात घट्ट धरला होता.

"उजवी भरा," ती म्हणाली. "डावी राहू द्या. माझ्या केससारखीच पाहिजे ना?"

"तू डॉक्टरच व्हायला हवं होतंस," डॉक्टर खूश होऊन म्हणाले.

टाके झाले. जावेने सुजरं तोंड वाकडं करत विचारलं, "झालं का गं दोन्हीकलचं?"

"झालं. आता बोलू नको, टाके उसवतील."

तिचा हात सोडवून ती डॉक्टरांच्या मागे बेसिनपाशी गेली. "सर, माझ्या हनुवटीची तारीख?"

डॉक्टरांनी हातमोजे काढून टाकले. "दोन म्हटल्या होत्या मी. अजून एक आण, मग बघू."

ती मान हलवून परत आली, चक्री पुसायला घेतली आणि पुसता पुसता मनातल्या मनात नात्यातल्या दाढा मोजू लागली.