निकोसियातला खिळा

टेक्सासमध्ये, फ्रिस्कोतल्या आमच्या घरात सात वर्षांत भिंतीला एकही खिळा ठोकलेला नव्हता. फोटोंच्या फ्रेम्स जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेल्या. "ग्रीन कार्ड येऊ दे, मग लावू," हे नवऱ्याचं पालुपद. आधी मी भांडायचे, मग मलाही सवय झाली.

या उन्हाळ्यात सायप्रसला गेलो. राजधानी निकोसियाचं जुनं शहर गोल तटबंदीच्या आत, आणि मधोमध दोन तुकडे झालेलं; अलीकडे ग्रीक, पलीकडे तुर्की. भर बाजारात चौकी. पासपोर्ट दाखवायचा आणि पलीकडे जायचं. कॉलेजात जाणारी आमची लेक अमेरिकेत जन्मलेली, तिला काय! आमचा सायप्रसचा व्हिसा मात्र एकाच एन्ट्रीचा. "परत येऊ दिलं नाही तर?" म्हणत नवऱ्याने कागदपत्रांची फाइल छातीशी धरली. फिरायला आलोय की इंटरव्ह्यूला, देव जाणे!

चौकीजवळ कॉफी प्यायला बसलो. दुकानाचे म्हातारे मालक फाइलकडे बघून हसले आणि गप्पा मारायला लागले. त्यांचं घर पलीकडे, दहा मिनिटांवर. तरुणपणी लढाईत सोडावं लागलेलं. आता जाता येतं, पण ते एकदाही गेले नव्हते. "माझ्याच घरी जायला पासपोर्ट दाखवू?" आवाज चढला आणि डोळे भरले.

"काका, आय विल गो," लेक म्हणाली. आम्ही शिकवलेलं 'काका' तिने तिथेही लावलं! त्यांनी पेपर नॅपकिनवर नकाशा काढून दिला. तासभर आम्ही तिघं चौकीकडे डोळे लावून बसलो.

ती आली. घरातल्या बाईंना विचारून अंगणातून फोटो काढला होता. दार नवं, खिडक्या नव्या, रंगही भलताच. काकांचा चेहरा पडला. उगाच पाठवलं पोरीला, असं झालं मला. मग त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. कोपऱ्यात भिंतीतल्या जाडजूड खिळ्याला दोरी बांधलेली, दोरीवर त्या बाईंचे कपडे.

"हा मी ठोकलाय," ते म्हणाले. "लग्न झालं त्या आठवड्यात." आणि चक्क हसले हो, गालावरून पाणी वाहत असताना.

फ्रिस्कोला पोचलो. बॅगाही उघडल्या नव्हत्या, तोवर नवरा गराजमधून हातोडी घेऊन आला.

"अरे, ग्रीन कार्ड?" मी विचारलं.

"येईल तेव्हा येईल. तू फ्रेम सरळ धर."