बाबांचा सातचा ग्लास

आमच्या घरात किस्से फ्रिजमधल्या झाकलेल्या वाट्यांसारखे साठतात. कोणी ठेवली ते कोणी कबूल करत नाही, आणि टाकून द्यायचा धीर कोणाला होत नाही. त्यातल्या ग्लासांच्या किश्श्यांची मालकी मात्र माझी. कारण ग्लास सुरू केले मी.

माझे सासरे, म्हणजे बाबा, सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले. रोज संध्याकाळी सातला दोन पेग. आरडाओरडा नाही, काही नाही. अनू जन्मली तेव्हा मी, साऱ्या जगाची काळजी वाहणारी बाई, मंदारकरवी निरोप पाठवला: घेतलेली असेल तर बाळाला हात लावायचा नाही. स्वतः सांगायची हिंमत नव्हती, म्हणून नवऱ्याला पुढे केलं. बाबांनी त्याच दिवशी बाटली मोरीत ओतली. मला वाटलं, आठ दिवस टिकेल. चार वर्षं झाली.

पण सात वाजले की त्यांचा हात रिकामा पडायचा. पेपरची घडी घालायचे, उघडायचे, परत घालायचे. ते बघवेना. म्हणून मी त्यांच्याच जुन्या ग्लासात मॉकटेल करायला लागले.

*

पहिलं होतं पेरू-पुदिना. व्हिडिओतली मुलगी म्हणत होती, पुदिना हलक्या हाताने दाबा. मला हलक्या हाताने काहीच जमत नाही. मी तो खलबत्त्यात घातला.

बाबांनी घोट घेतला. थोडा वेळ चावला. मग म्हणाले, "छान आहे बेटा. फक्त सोबत समोसा हवा होता."

*

दुसऱ्या आठवड्यात अननस आणि तुळस. पावणेसातला मी बाल्कनीतल्या कुंडीकडे हात नेला, तर मागून आवाज, "दिवेलागणीला तुळस तोडू नये, बेटा."

रोज दोन पेग चालायचे तेव्हा दिवेलागण होत नव्हती का, असं मी म्हटलं. मनात म्हटलं, हे नशीब. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर वाटीभर पाण्यात तुळशीची पानं. आंघोळ करून त्यांनीच खुडलेली. तेव्हापासून ती वाटी एक दिवस चुकलेली नाही. मनातलं ते वाक्य मला अजून आठवतं.

*

सईदचाचा बाबांचे ऑफिसातले मित्र, मागच्याच गल्लीत राहतात, दर शनिवारी येतात. उभ्या आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. एकदा आले तेव्हा बाबांच्या हातात डाळिंबाचा लालभडक ग्लास, बर्फ, वर पुदिन्याची काडी. चाचा दारातच थांबले आणि त्यांनी इथल्या बोलीतली नेहमीची हाक मारली. "को खां, फिर चालू हो गए?"

बाबांनी ग्लास त्यांच्या हातात दिला. चाचांनी तो पूर्ण संपवला, मिशी पुसली आणि माझ्याकडे वळले. "देख रही हो, बहू? चालीस साल इसने मुझे मूंगफली पे टरकाया. पिलाया तब, जब उसमें कुछ बचा ही नईं!"

*

प्ले-स्कूलमधून बोलावणं आलं. संध्याकाळी घरी काय चालतं, असं टीचरने विचारल्यावर अनूने सांगितलं होतं, "दादाजी ग्लास पीते हैं. मम्मी बनाके देती है."

मी घामाघूम होऊन सगळं सांगितलं. संत्र्याचा रस, गवती चहा, काळं मीठ, प्रमाणासकट. टीचरने शांतपणे ऐकून घेतलं. "हां मॅम," ती म्हणाली, "हमारे घर में भी शरबत ही कहते हैं."

*

यापुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही.

गेल्या जूनची गोष्ट. दर शनिवारी सातचा ग्लास झाला की बाबा अनूला स्कूटरवरून स्टेशनवर गाड्या दाखवायला न्यायचे. स्टेशनचं नाव बदललं, पण बाबांचं ते हबीबगंजच. आठवडाभर दोघांचं त्यावरच बोलणं चालायचं. त्या दिवशी ग्लास जांभूळ-तुळशीचा होता. अनूच्या सँडलचा पट्टा लावायला बाबा वाकले, शेजारी मी. आणि तो वास आला. गोडसर, आंबूस. तो मला कळतो.

मी अनूचा हात धरला. "बाबा, किल्ली इकडे द्या."

सईदचाचा समोर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, ग्लासकडे बघितलं, आणि किल्ली टेबलावर ठेवली. का, ते विचारलं नाही. अनूचं हेल्मेट मात्र स्वतः काढून दिलं. ती रडत राहिली.

मंदार मंडीदीपहून ड्यूटी करून आला, तसं मी त्याला कामाला लावलं. बाबांचं कपाट बघितलं. कूलरच्या मागे बघितलं. मग स्कूटरची डिकी उघडली. सापडलं काय? ओल्या पेपरात गुंडाळलेली पुदिन्याची जुडी आणि चार लिंबं. माझ्यासाठी आणलेली.

मी ती घेऊन स्वयंपाकघरात आले. ओट्यावर जांभळाच्या सिरपची बाटली होती. फ्रिज आंब्यांनी भरलेला, म्हणून तीन दिवस बाहेरच राहिलेली. झाकण फिरवलं तर ते फट्कन उडालं आणि जांभळा फेस माझ्या हातावरून ओट्यावर आला.

मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी आहे. फळाचा रस, साखर आणि उन्हाळा एकत्र आले की काय होतं, हे मी दोन वर्षं कॉलेजात शिकवलंय. इतक्या वर्षांनंतर बाबांना पाजली ती मी.

सकाळी तुळशीची वाटी ओट्यावर होतीच. मी सगळं सांगितलं, सॉरी म्हटलं. बाबा म्हणाले, "चव जरा वेगळी लागली होती. पण तू दिलेलं, मी कशाला हुंगू?"

नंतर म्हणाले, गुडघा दुखतो, स्कूटर आता नको. शनिवारी अनूला मंदार नेतो.

*

तेव्हापासून मी प्रत्येक ग्लास देण्याआधी हुंगते. खात्री माझ्या सिरपची करते, त्यांची नाही. पण बघणाऱ्याला ते कसं कळावं?

परवाच्या शनिवारी अनूने भातुकली मांडली होती. स्टीलच्या इवल्या भांड्यांत पाणी, प्रत्येकात पुदिन्याचं एक पान. पहिलं भांडं तिने सईदचाचांना दिलं, दुसरं मला. तिसरं उचललं, नाकाशी नेलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि मग बाबांपुढे धरलं.

"क्यों भई, हमारा नईं सूंघा?" चाचांनी विचारलं.

"सिर्फ आजोबा का सूंघते हैं," अनू म्हणाली.

मी मान खाली घातली. बाबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. आवाज नेहमीसारखाच, मऊ.

"तुझं हुंगून झालं ना? आता आईला दे. तिचं झालं की मी पितो."

अनू भांडं घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नुसतं नळाचं पाणी होतं.