मेलेल्या फळ्या

आखाती शहरातल्या अल नस्र वस्तीत आमच्या फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं राहायची. मधे प्लायवूडची भिंत. पलीकडे कुणी कूस बदलली तरी आमची झोप मोडायची. अब्बा सूक वाकिफ बाजारातल्या मसाल्याच्या दुकानात पोती उचलायचे. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. ती भिंत उभी केली होती हमीदचाचांनी. रत्नागिरीकडचे सुतार, अब्बांचे गाववाले.

चाचांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचे. आमची बास्केटबॉलची लीग ज्या हॉलमध्ये चालायची, तिथल्या लाकडी मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती. प्रत्येक सामन्याआधी ते अनवाणी फिरत टाचेने फळ्या ठोकायचे. "लाकूड बोलतंय गो, आपण ऐकत नाय," म्हणायचे.

लीग अगदी खालच्या दर्जाची. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचेच नातेवाईक. पण मोसमाच्या शेवटी ऑल-स्टारचा दिवस असायचा. सगळ्या संघांतून निवडलेल्या मुलींचा सामना, आणि त्याआधी कौशल्याची शर्यत: चेंडू आपटत शंकूंमधून पळायचं, टांगलेल्या कड्यातून पास टाकायचा, शेवटी बास्केट. सगळं घड्याळ लावून. बारावीत माझी निवड झाली. कोच म्हणाले, "शर्यत जिंकलीस तर कॉलेजात खेळाडूंच्या जागेसाठी शब्द टाकतो." मला दुसरा रस्ता दिसत नव्हता. दोन आठवडे मी धड जेवले नाही.

आदल्या दिवशी चाचांनी मला बाजूला घेतलं. "तिसऱ्या शंकूपाशी चार फळ्या मेल्यायत. एसी बंद होता, दमटपणाने फुगल्या. चेंडू उसळत नाय. डावीकडून वळसा घे. कुणाला बोलू नको."

मी वळसा घेतला. माझ्यानंतर मनिलाची जॉय धावली, सरळ त्या फळ्यांवरून. चेंडू टणकन वर आला. जॉय जिंकली, माझ्याहून अर्ध्या सेकंदाने.

चाचा खुर्च्या रचत होते. मी ओरडलेच, "फळ्यांचं काय झालं?"

"सकाळी बदलल्या. एकीला सांगायचं आन् बाकीच्यांना पाडायचं, हे काम सुताराचं नाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"दोनदा आलो सांगायला. शरम वाटली." मग म्हणाले, "तू पण टाच मारून बघायची ना गो. मी बोललो म्हणून मानलंस?"

"माझं कॉलेज गेलं, चाचा!"

चाचा रचलेल्यातली एक खुर्ची ओढून तिच्यावर बसले. मग उरलेल्या खुर्च्या मीच रचल्या.

चार दिवसांनी ते घरी आले, काखेत एक बुटकं टेबल. वरच्या चार फळ्या मी लगेच ओळखल्या. रंधा मारून सपाट केलेल्या. "चेंडूला मेल्या, पुस्तकाला चालतील," म्हणाले. "यल्ला, चल, बस." स्वतः मात्र उभेच.

मी बसले. पलीकडची मुलं रडायची, मी मोठ्याने वाचायचे. मार्कांवर प्रवेश मिळाला. दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा चाचा कायमचे गावी गेले. विमानतळावरही रांग सोडून फेऱ्या मारत होते.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली.