सोलकढीच्या रंगाची गाडी

दुसऱ्या माणसाला बोलावून करून घ्यावं असं काम आमच्या भावजींच्या मते जगात एकच आहे आणि ते म्हणजे स्वतःचं लग्न. तिथे भटजी लागतो. त्यांना मंगलाष्टकं पाठ असती तर माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात भटजीलाही सुट्टी मिळाली असती. बाकी सगळं माणसाने घरच्या घरी करावं. केस ते स्वतःच कापतात. एक आरसा माडाला आणि दुसरा न्हाणीच्या दाराला टांगायचा आणि मध्ये स्टूल टाकून बसायचं. वारा सुटला की आरसे हलतात आणि डोक्याच्या मागे भलतीकडेच पायवाट पडते. गणपतीही तेच रंगवतात. एका वर्षी डोळ्यांची आखणी जरा खाली गेली आणि बाप्पा आरतीभर टक लावून मोदकांकडे बघत राहिले. एकदा त्यांनी ताईचा मिक्सर उघडला. परत जोडल्यावर मूठभर स्क्रू उरले. "कंपनीवाले उगीच जास्ती घालतत," असं म्हणून त्यांनी ते डबीत टाकले. त्या दुपारी खोबऱ्याची चटणी ताईला छतावरून खरवडून काढावी लागली.

तर अशा माणसाची एक गाडी होती. पांढरी, लहानशी. ओरोसच्या सरकारी नोकरीत अर्धा जन्म एसटीत उभं राहून काढल्यावर घेतलेली. मालवणच्या खाऱ्या वाऱ्याने तिचं जे करायचं ते केलं. दरवाजे खालून असे खाल्ले गेले की एका पावसाळ्यात मागच्या सीटवर चक्क नांग्या उगारलेली कुर्ली सापडली. ताईने तिचं सार केलं. पुढे गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली. मुदत वाढवायची तर ती ओरोसला नेऊन आरटीओच्या साहेबाला दाखवायला हवी, आणि साहेब नको म्हणाला तर भंगारात. मुंबईहून भाच्याचा फोन आला, "बाबा, आता काढून टाका ती. मी नवी घेऊन देतो." भावजींनी फोन ताईच्या हातात दिला आणि जेवायला न बसता अंगणात जाऊन गाडीत बसून राहिले. मी बोलवायला गेलो तर काचेआडून म्हणाले, "म्हातारां झाला म्हणान कोण घरातल्या माणसाक भंगारात घालता काय रे?"

दुसऱ्या दिवशी मांगराचं, म्हणजे अंगणाकडेच्या अडगळीच्या खोपटाचं, गॅरेज झालं. शेणी आणि माडाची सुकी चुडतं बाहेर, गाडी आत. मी म्हटलं, कुडाळला चांगले रंगारी आहेत. "गाडयेक रंग मारूक रंगारी कित्याक? माजे हात मोडले काय?" घासकाम मात्र त्यांनी मन लावून केलं. पॉलिश पेपरने घासून घासून गंज काढला, भोकांवर पत्रे ठोकले, वर पुट्टी भरली. मग सगळ्या गाडीला अस्तर म्हणून तांबडा रेड ऑक्साइड लावला. तो नीट सुकू द्यायचा असतो. पण मे महिन्यातल्या आमच्या दमट हवेत टॉवेल सुकत नाही, तिथे रंग कसला सुकतोय! भावजींनी बोट लावून बघितलं, बोट तांबडं झालं, तरी "सुकलो" असं जाहीर केलं आणि त्यावर पांढरा मारायला घेतला.

तोही आंब्यावर औषध फवारायच्या पंपाने. तोंडाला ताईची जुनी ओढणी, डोळ्यांना पोहायचा चष्मा. मी पंप मारायचा आणि त्यांनी नळी फिरवायची. सुरुवातीला काहीच आलं नाही. "जोरात मार!" मी जोरात मारला. पंपाने एकदा खोकून जे काही बाहेर टाकलं, त्यात गाडीच्या वाट्याला निम्मंच आलं. उरलेलं दारातून वाऱ्याबरोबर अंगणात गेलं. तिथे ताईची आमसुलं वाळत होती, आणि आमसुलांभोवती कोंबड्या. ताई बाहेर आली. तिने आधी ठिपक्याठिपक्यांच्या कोंबड्या बघितल्या, मग आमसुलं बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं. "ह्या वर्षाची सोलकढी तुमी रंगाचीच पिया," एवढंच म्हणून ती आत गेली आणि चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

सोलकढी तिच्या तोंडून सहज निघाली, पण संध्याकाळी गाडीकडे बघितलं तर नेमका तोच रंग! ओला तांबडा पांढऱ्यात उतरला होता. अंग फणसाच्या सालीसारखं काटेरी, आणि टपावर मांजराची पावलं. भावजी शांतपणे म्हणाले, "सुकल्यार पांढरो जातलो." गाडी सुकली. पांढरी झाली नाही.

ओरोसला मीही बरोबर गेलो. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून, शुद्ध मराठी बोलत, साहेबांसमोर उभे राहिले. साहेब तरुण होता. त्याने गाडीभोवती फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला आणि झटकन मागे घेतला.

"काका, हा रंग कुठला?"

"पांढरा."

"हा पांढरा?"

"मुळात पांढराच. हवामानामुळे जरा लाजलेला आहे."

साहेब वळून खोकला. आजूबाजूचे ड्रायव्हर जमले. कोणी म्हणे गुलाबी, कोणी म्हणे अबोली. साहेबाने ब्रेक बघितले, दिवे बघितले, इंजिन सुरू करायला सांगितलं. भावजींनी आत बसून स्टिअरिंगवर दोनदा थोपटलं आणि किल्ली लावली. मला तोपर्यंत सगळी गंमतच वाटत होती, पण त्या क्षणी मीही मनातल्या मनात गावच्या देवाला, रवळनाथाला, हाक मारली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. साहेब कान देऊन ऐकत राहिला. "इंजिन छान ठेवलंय, काका. गाडी पास करतो. पण रंग बदललाय तो रीतसर नोंदवून घ्या. गुलाबी म्हणून." भावजींचा चेहरा पडला, मग खुलला, आणि शुद्ध मराठी पार विसरून ते म्हणाले, "काय होया ता लिवा, सायबानु!"

परत येताना कसालला थांबून त्यांनी ताईसाठी आलं-गुळाचं खाजं घेतलं. घरी आल्यावर ती सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "खंय नेतास?" ते तिला थेट शिरोड्यापर्यंत घेऊन गेले.

यंदा ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून दोघं मुंबईला मुलाकडे आहेत. कधी परततील सांगता येत नाही. गाडीची किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी भावजींचा फोन येतो. ताईची खबर दोन वाक्यांत सांगून होते, मग ते म्हणतात, "जरा चालू कर रे. माका ऐकव." मी मांगरात जातो, बॉनेट उघडतो, इंजिन सुरू करतो आणि फोन जवळ धरतो. बऱ्याच वेळाने मी फोन कानाला लावला की ते म्हणतात, "बरा आसा. आता बंद कर."

मी मात्र लगेच बंद करत नाही.