शकुवहिनींचं लुगडं आणि समोरच्यांचं ऊन

साकीनाक्याच्या गाळ्यांमधून वाट काढत मागे गेलं की आमचं गावठाण लागतं. साठेक कौलारू घरं, प्रत्येकाला गल्लीकडे उघडी ओटी. गल्ली एवढी अरुंद, की समोरच्याकडे आज कसली आमटी आहे ते विचारावं लागत नाही. चहूकडे टॉवर उठले, पण गावठाण अजून गावठाणासारखं दिसतं. याचं श्रेय कुणीही घेवो, ते शकुवहिनींचं आहे. इथल्या घरांचे नकाशे मी काढतो, मला विचारा.

वहिनी सातवी शिकलेल्या. सासरे कोकणातून गिरणीत आले तेव्हा हे घर घेतलं. नवरा लवकर गेला. पापड आणि कुळथाचं पीठ विकून वहिनींनी नितेशला वाढवलं. बारा वर्षांपूर्वी विहिरीपाशी एकाने चार मजले चढवले आणि आजूबाजूच्या आठ घरांचं ऊन गेलं. आम्ही शहाणी माणसं अर्ज लिहीत बसलो. वहिनींनी पद्धत पाडली.

ज्याला घर वाढवायचं असेल त्याने आधी दोन बांबू उभे करायचे, हव्या त्या उंचीवर जुनं लुगडं आडवं ताणायचं आणि आठ दिवस तसंच ठेवायचं. सावली कुणाच्या दारात पडते ते सगळ्यांनी बघायचं. मग वहिनींच्या ओटीवर बसून बोलायचं. कायद्यात याला काडीचा आधार नाही. तरी वहिनींसमोर नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. वाढीला त्यांचा विरोध कधीच नव्हता. ‘‘पोरं वाढतात, मग घरं नको वाढायला? मागे वाढा. पुढचं कौल आणि ओटी तेवढी सोडा,’’ एवढंच म्हणणं. बावीस घरांना मागे खोल्या निघाल्या आणि गल्लीचं तोंड बदललं नाही. मी इंजिनिअरांच्या सभा ऐकल्यात. एवढं सरळ कुणी बोललेलं आठवत नाही.

गेल्या वर्षी पाळी त्यांच्यावरच आली. नितेशच्या बायकोला, श्रुतिकाला, दिवस गेले होते. घर दीड खोलीचं आणि मागे टॉवरची भिंत. वाढायचं तर वरच. नाहीतर नितेश कुर्ल्याला भाड्याने जाणार होता, हे त्याने स्पष्ट सांगितलं होतं. मी पूर्ण मजल्याचा नकाशा काढून दिला. लुगडं ताणलं गेलं.

आठव्या दिवशी सगळे ओटीवर जमले आणि सगळे हो म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाची काहीच तक्रार नाही! नितेश खूश झाला. ‘‘झकास! आई, तुला कोण नाही म्हणणार?’’

वहिनींना मात्र ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकेका घरी जाऊन ओटीवर बसल्या. समोरच मधुकरभाऊ राहतात. त्यांचं अर्धं अंग लुळं पडलंय; सकाळचं ऊन घ्यायला त्यांची खाट ओटीवर असते. त्या दिवशी खाट आत होती.

‘‘खाट आत का घेतलीत, भाऊ?’’

‘‘हल्ली ऊन सोसत नाही गं,’’ भाऊ दुसरीकडे बघत म्हणाले.

वहिनी तिथून तडक माझ्याकडे आल्या. ‘‘हर्षद, सावली त्यांच्या खाटेवर जाणार हे तुला ठाऊक होतं ना रे?’’

ठाऊक होतं. कागदावर मी ती रेघ मारून पाहिली होती आणि भिडेपोटी खोडली होती. हे मी त्यांना सांगितलं. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्या ओरडल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी स्वतः लुगडं सोडलं. नितेशचा आवाज मात्र गल्लीभर गेला. ‘‘सगळ्या गावाला खोल्या दिल्यास आणि माझ्या पोराला जागा नाही?’’

‘‘आहे,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘खालचं सगळं तुमचं. कौल आहे तिथेच राहील. मागच्या बाजूला छपराखाली माळा घालू. मी वर झोपेन.’’

‘‘तुझे गुडघे?’’

‘‘गुडघ्यांचं मी बघेन.’’

नितेश चप्पल घालून निघून गेला. चार दिवस तो आईशी बोलला नाही, आणि कुर्ल्याची खोली बघून आल्याचं मला श्रुतिकाकडून कळलं. मी माळ्याचा नकाशा काढला. जागा वाचावी म्हणून जिना उभा ठेवला, शिडीच म्हणा ना. वहिनींनी पाहून मान डोलावली.

पाचव्या दिवशी नितेश माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. नकाशावर बोट ठेवून म्हणाला, ‘‘काका, या पायऱ्या केवढ्या उंच?’’

‘‘दहा इंच.’’

‘‘सहा करा.’’

‘‘अरे, मग जिना लांबेल. खाली तुमची खोली तीन फुटांनी कमी होईल. पाळणा कुठे ठेवशील?’’

‘‘ते मी बघतो,’’ तो म्हणाला, ‘‘तुम्ही सहा करा.’’