‘कै.’नंतरची मोकळी जागा

लातुरात बसून मी वेबसाइटी बनवते, त्यामुळं घरातल्या लग्नपत्रिकेचं पान माझ्याच गळ्यात पडणार हे ठरलेलं होतं. लग्न चुलतबहिणीचं, नांदेडच्या काकूच्या लेकीचं. काका जाऊन चार वर्षं झालेली. मी मोठ्या तोऱ्यात पान केलं, लॅपटॉपवर तीनदा बघितलं आणि सगळ्या पाहुण्यांना लिंक धाडून मोकळी झाले. फोनवर एकदाही उघडून बघितलं नाही. मूर्खपणा, दुसरं काय!

ब्राउझरचं डोकं सरळ असतं. तो एकेक शब्द ओळीत बसवत जातो आणि पुढचा मावेना की आधीच्या मोकळ्या जागेवर ओळ तोडतो. तिथं नात्यातली माणसं आहेत का भाजीची यादी, त्याला देणंघेणं नाही. लॅपटॉपवर ‘कै.’ आणि काकांचं नाव शेजारी शेजारी होतं. फोनच्या अरुंद पडद्यावर ‘कै.’ वरच्या ओळीच्या टोकाला अडकलं आणि खालची ओळ थेट काकांच्या नावानं सुरू झाली. वाचणाऱ्याला वाटावं, मुलीचा बाप चांगला धडधाकट आहे.

आणि तसंच झालं. काकांच्या किनवटच्या एका जुन्या ओळखीच्याला ते गेल्याचं ठाऊकच नव्हतं. त्यानं काकूला फोन लावून अभिनंदन केलं आणि म्हणाला, जरा त्यांच्याकडं द्या. हे त्या चुलतबहिणीकडून माझ्या बाबांना कळलं, तेव्हा त्यांनी मला अशी झापली की जेवण गेलं नाही.

इलाज एवढुसा होता. त्या दोघांमधल्या जागेला न तुटणारी जागा करायची, मग ‘कै.’ नावाला धरूनच खाली उतरतं. घरबसल्या दोन मिनिटांचं काम. पण काकूचं मन दुखावलं असेल या विचारानं मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं नांदेड गाठलं.

काकू रुखवताच्या शेवया वाळत घालत होती. मी माफी मागून लॅपटॉप उघडला, तर तिनं माझा हात धरला. आपल्या फोनवर तीच ओळ काढून दाखवली.

“चार वर्षांनी त्यांचं नाव असं मोकळं बघितलं गं.”

मी आधी तिच्या फोनवर त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, तो कुठं सापडेल ते दाखवलं, आणि मगच पान दुरुस्त केलं. ती खुश झाली. मीही झाले. मग आम्ही दोघी ज्वारीची भाकरी आणि ठेचा घेऊन निवांत जेवायला बसलो. त्या माणसाला काय सांगितलंस, हे मी जेवताना भीतभीतच विचारलं.

“म्हणलं, शेतात गेलेत, आले की सांगते,” काकू हसून म्हणाली. “लग्नाला आला की कळंलच त्याला. तवर राहू दे की त्यांना शेतात.”